हडपसरचे ओढे नकाशावर कधी येणार? लायडारला काय दिसतं, काय दिसत नाही

फ्लॅट भाड्याने घ्यायचा असो की विकत, आपण आधी फोन उघडतो. ऑफिस किती मिनिटांवर, शाळा कुठे, ट्रॅफिक किती, सगळं कळतं. पण ही बिल्डिंग ओढ्याच्या वाटेत आहे का, हे कुठलंच ॲप सांगत नाही. माझ्या मते हडपसरसारख्या भागात हा प्रश्न पार्किंगच्याही आधी विचारायला हवा.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुणेकर विसरलेले नाहीत. कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला, भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या. त्या पावसात शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. आंबिल ओढा ही नदी नाही. एरवी लोक त्याला नाला म्हणून ओलांडून जातात.

हडपसरची रचना बघा. उंड्री, पिसोळी, हांडेवाडीकडचा भाग उंच आणि उत्तरेला मुळा-मुठा. पाण्याला दक्षिणेकडून उत्तरेकडे जायचंय. मध्ये कालवा, सोलापूर रस्ता आणि रेल्वे अशा आडव्या रेषा आहेत. पाणी फक्त पूल किंवा मोरी असेल तिथूनच पुढे जातं. मोरी लहान असली किंवा तुंबली, की ते मागे फुगतं.

मग पूररेषा असतात ना?

असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण या रेषांची चर्चा मुख्यतः नद्यांसाठी होते, छोट्या ओढ्यांसाठी नाही. शिवाय रेषा काढताना पाण्याची पातळी किती वाढेल याचा हिशेब करतात आणि ती पातळी जमिनीला कुठे टेकते ते बघतात. म्हणजे जमिनीची उंचीच चुकली तर रेषाही चुकणार. १०० मीटर चालल्यावर १ मीटर चढ असेल, तर उंचीतली १ मीटरची चूक रेषेला तब्बल १०० मीटर सरकवते. तेवढ्या अंतरात एक अख्खी सोसायटी बसते.

आता फुकट मिळणारा उंचीचा डेटा बघू. नासाच्या स्पेस शटलने फेब्रुवारी २००० मध्ये केलेली मोजणी आजही जगभर वापरतात. आपल्या इस्रोच्या भुवन पोर्टलवर कार्टोसॅट उपग्रहाचा डेटाही आहे. दोन्हींत जमीन साधारण ३० मीटरच्या चौकोनांत विभागलेली असते आणि एका चौकोनाला एकच उंची. सात-आठ मीटर रुंदीचा ओढा, त्याची भिंत, शेजारचा रस्ता आणि वर झाडाचा शेंडा, सगळ्यांची मिळून एक सरासरी. त्यात ओढा सापडणार कसा?

लायडार वेगळा का?

आयफोन १२ प्रोपासून काही महागड्या आयफोनमध्ये लायडार असतो, पण त्याची झेप जेमतेम पाच मीटर. विमानातला किंवा ड्रोनवरचा लायडार त्याचाच थोरला भाऊ. तो सेकंदाला लाखो लेझर झोत खाली सोडतो आणि परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. एक नॅनोसेकंद म्हणजे १५ सेंटिमीटर.

ड्रोनच्या फोटोंवरूनही उंची काढता येते, पण फोटोला फक्त वरचा भाग दिसतो. ओढ्याकाठी बाभळी आणि झुडपं माजली असतील तर जमीन झाकलेलीच राहते. लेझरचे काही झोत मात्र पानांच्या फटीतून जमिनीला टेकून परत येतात. झाडं आणि इमारती सॉफ्टवेअरने वेगळ्या काढल्या, की उघडी जमीन दिसते. मग जुन्या ओढ्याचा बुजत आलेला खोलगटपणाही सापडतो.

माझ्या मते खरी कमाल पुढे आहे. तीच मोजणी काही वर्षांनी पुन्हा करा आणि एका नकाशातून दुसरा वजा करा. कुठे भराव टाकला, किती टाकला, सगळं समोर येतं. 'इथे ओढा नव्हताच' म्हणायला जागा उरत नाही.

काय दिसत नाही?

स्लॅबखाली गेलेला नाला लायडारला दिसत नाही. रस्त्याखालची मोरीही दिसत नाही. त्याला रस्त्याचा भराव म्हणजे बांधच वाटतो आणि कॉम्प्युटर तिथे नसलेलं तळं दाखवतो. मग मोरीच्या जागी तो बांध हाताने कापावा लागतो. त्यासाठी कुणीतरी खाली उतरून मोरीची रुंदी, उंची आणि आत साचलेला कचरा मोजायलाच हवा. हडपसरसाठी हे काम विमानाच्या फेरीइतकंच महत्त्वाचं आहे.

अडलंय कुठे?

कायद्याची मोठी अडचण आता नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी भारतीय कंपन्यांना नकाशे बनवण्यासाठी आधी परवानगी घेण्याची अट काढली. २०२२ च्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणात २०३० पर्यंत सपाट भागासाठी २५ सेंटिमीटर अचूकतेचं उंचीचं मॉडेल करायचं उद्दिष्ट आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गासाठी विमानातून लायडार वापरलाही गेला. म्हणजे तंत्र आपल्याकडे आहे.

प्रश्न आहे तो नकाशा कुणाला दिसणार याचा. इंग्लंडमध्ये पर्यावरण खात्याने आपला लायडार डेटा २०१५ पासून सगळ्यांना फुकट दिला. आपल्याकडे असा नकाशा फाइलीत राहिला, तर तो निवडक ठिकाणीच वापरला जाईल. जून २०२१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, आंबिल ओढ्याकाठच्या वस्तीतल्या घरांवर बुलडोझर चालला. ओढ्यात शिरलेली झोपडी जितकी ठळक दिसते, तितकीच टॉवरची कंपाउंड वॉलही दिसली पाहिजे. लेझर दोघांना सारखंच मोजतो. नकाशा उघडा असला तरच लोकांनाही ते तपासता येईल.

तोवर एक काम करा. गुगल अर्थमध्ये जुनी चित्रं बघायची सोय आहे. तुमच्या बिल्डिंगची जागा शोधा आणि वर्षं मागे न्या. शेतातून वळत जाणारी हिरवी रेघ दिसली तर ती पुढच्या वर्षांत कुठे नाहीशी होते ते बघा. मग जोराचा पाऊस ओसरल्यावर तिथे जाऊन पाणी कुठून गेलं ते शेजाऱ्यांना विचारा. टोकन त्यानंतरच द्या.