कर्ज, वीज आणि कोळसा



सुरतेतील कतारगाम हे हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्यांचे व कापड विणणाऱ्यांचे ठिकाण होय. तेथील माग फिरविणारी वीज आपल्या देशात बहुतांशी कोळशापासून होते आणि कोळसा जळला की कार्बन डायऑक्साइड वायू हवेत मिसळतो. जुनी मोटार तेवढ्याच कापडास अधिक वीज खाते. परंतु लहान कारखानदार ती बदलणार कशी? हाती एकरकमी पैसा नसतो, बँक तर अनेकदा तारण मागते.

या अडचणीवर उपाय म्हणून केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये ‘अदिती’ योजना सुरू केली. वीज वाचविणाऱ्या यंत्रांच्या कर्जावर सूक्ष्म व लघु उद्योगांना व्याजात ५ टक्के सवलत मिळते. कापडधंदाही तीत आहे. आधी वीजवापराची तपासणी व नंतर बचतीची मोजणी, असा क्रम आहे.

तरीही सही करण्यापूर्वी हिशेब मांडावा. समजा, बिल दरमहा २,००० रुपयांनी उतरले आणि हप्ता १,८०० रुपयांचा असला, तर कर्ज बचतीतूनच फिटेल. हप्ता ३,००० रुपयांचा झाला, तर उरलेले १,००० रुपये मुलाबाळांच्या घासातून जातील. म्हणून बँकेने बचत पाहूनच हप्ता व मुदत ठरवावी, आणि कर्जदारानेही तसा आग्रह धरावा.