फरशीवरचा ट्रेक

"ताई, ह्याला तू ट्रेक म्हणतेस? ही तर सारसबाग आहे!"

मामेभावाचं हे वाक्य त्या दिवशी मी किमान दहा वेळा ऐकलं. तेव्हा वाऱ्यात ओरडून भांडायचं त्राण नव्हतं, म्हणून आता इथे सविस्तर भांडते.

झालं असं, की जूनमध्ये साहेब पुण्याहून आमच्याकडे मँचेस्टरला आले होते. पक्के सह्याद्रीवाले. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग, सगळं करून बसलेले. म्हटलं, ह्याला राजवाडे काय दाखवायचे, आपलं पीक डिस्ट्रिक्टमधलं मूर दाखवू. मूर म्हणजे झाडं नसलेलं, हेदरच्या खुरट्या झुडपांचं, पाणथळ, काळ्या मातीचं उघडं पठार. गाडीने पाऊण तासात ईडेल. तिथून जेकब्ज लॅडर चढायचं, ब्राउन नोल ओलांडून रशप एजच्या धारेने मॅम टॉरला यायचं आणि हॉलिन्स क्रॉसवरून परत ईडेलला उतरायचं. सोळा-एक किलोमीटरची गोल वाट. उंचीचे आकडे ऐकून सह्याद्रीवाले हसतात (ब्राउन नोल अवघं ५६९ मीटर), पण वर धुकं उतरलं की पुढच्या माणसाची पाठ दिसत नाही आणि पाय कुठे पडतोय ते देवच जाणे.

जेकब्ज लॅडरच्या पायथ्याचा तट्टांसाठी बांधलेला चिमुकला दगडी पूल साहेबांना आवडला. वर थोडं आडवं जाऊन मध्ययुगातला ईडेल क्रॉस पाहिला. हद्दीचा दगड तो, १८१० साली पुन्हा उभा केलेला. इथपर्यंत सगळं गोडीत चाललं होतं. ब्राउन नोलकडे वळलो आणि फरश्या लागल्या. मोठाल्या सपाट दगडी फरश्या, एकीपुढे एक, थेट चिखलातून. झालं! साहेब फरशी सोडून बाजूने चालायला लागले. म्हणे फरशीवर चालायला मी काय देवदर्शनाला आलोय?

ही तक्रार त्याची एकट्याची नाही. इथल्या कित्येक जुन्या गोऱ्या चालणाऱ्यांकडूनही मी ती ऐकली आहे. फरश्यांनी रानाचं रानपण गेलं, गुडघे दुखतात, ओल्या झाल्या की पाय सटकतो. शेवटचं तर अगदी खरं आहे, मी स्वतः आपटले आहे. पण रानपण गेलं म्हणे! कुठलं रानपण? मँचेस्टर-शेफील्डच्या धुरांड्यांची काजळी दीडशे वर्षं ह्या डोंगरांवर बसली आणि पाणी धरून ठेवणारं शेवाळ मेलं. मग माणसांचे पाय आले. जमीन उघडी पडली, पावसाने वाहून गेली.

ही काळी माती म्हणजे पीट. न कुजलेल्या शेवाळाचे थरावर थर. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. साहेबांनी फरशी सोडून चौथं की पाचवं पाऊल टाकलं आणि डावा पाय जवळजवळ गुडघ्यापर्यंत आत! म्हणजे हिशेब करा, बुटाचा तळ जिथे टेकला तो थर साधारण शिवाजी महाराजांच्या जन्माच्या वेळचा. आपला सह्याद्री काळ्या पत्थराचा, हजार बूट झेलतो. हा डोंगर ओल्या स्पंजाचा आहे. एक जण चिखल टाळायला हातभर बाजूने जातो, दुसरा त्याच्याही बाजूने, आणि बघता बघता पायवाटेचा हमरस्ता होतो. १९६५ मध्ये उघडलेल्या पेनाइन वेची मूळ मुख्य वाट इथल्याच किंडर पठारावरून जायची. ती इतकी तुडवली गेली, की शेवटी जेकब्ज लॅडरवरून वळवावी लागली.

चिखलातला पाय ओढून काढत साहेबांनी हुकमाचा पत्ता टाकला. "पण इथे कुठेही चालायचा कायदेशीर हक्क आहे ना? तूच म्हणालीस गाडीत!"

म्हणाले होते खरी. २००० सालच्या कायद्याने इथल्या उघड्या माळांवर वाट सोडूनही फिरायचा हक्क मिळाला. समोर दिसणाऱ्या त्याच किंडरवर २४ एप्रिल १९३२ ला काही शे पोरं हेफील्डच्या बाजूने घुसली होती. डोंगर खाजगी, जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेले. रखवालदारांशी झटापट झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन तेव्हा वीस वर्षांचा होता, त्याला चार महिने. त्या पोरांनी तुरुंग भोगला तो लोकांना डोंगरावर येता यावं म्हणून. आता अडवायला रखवालदार नाही, तर आम्ही हक्काच्या नावाने तोच डोंगर तुडवून खाली वाहवणार? कासच्या फुलांत बसून फोटो काढणाऱ्यांच्या नावाने हाच माणूस तासभर बोटं मोडतो, हे जाता जाता सांगून ठेवते.

आणि त्या फरश्यांची गोष्ट तर त्याला ठाऊकच नव्हती. पेनाइनच्या डोंगरांत अशा वाटांसाठी ठिकठिकाणी बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनी उखडून फरश्या आणल्या आहेत, हेलिकॉप्टरला टांगून. लँकेशायरच्या कापड गिरण्या! १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी चालू असताना त्यांना कापूस कुठून जात होता? मुंबई बंदरातून. आमचं आजोळ, म्हणजे ह्याचं घर, खामगावचं. पणजोबांच्या आधीची पिढी कापसाच्या बाजारातली. त्यांची एखादी गाठ अशाच फरशीवर उतरली असेल की नाही, कोण सांगणार. पण मला त्या फरशीवर पाय ठेवताना दर वेळी खामगाव आठवतं. आजूबाजूला जूनमध्ये कॉटनग्रासची पांढरी बोंडंही डोलत असतात.

तो काहीच बोलला नाही. पण फरशीवर आला. (धुकंही उतरलं होतं, त्यामुळे श्रेय नक्की कोणाचं, ह्यावर वाद होऊ शकतो.)

मॅम टॉरच्या माथ्यावर जुन्या तटबंदीची मातीची कड अजून दिसते. तिथेही फरसबंदी आहे, कारण खाली कांस्ययुगातलं थडगं आहे आणि लोकांच्या बुटांनी ते झिजत चाललं होतं. तिथे त्याने स्वतःहून खाली बघितलं आणि जरा बाजूला सरकून बसला. हॉलिन्स क्रॉसला आता क्रॉस नाही, नुसती खिंड. सतराव्या शतकापर्यंत ईडेलला चर्च नव्हतं, तेव्हा प्रेतं ह्या वाटेने पलीकडे न्यायचे. नंतर ईडेलच्या कापूस गिरणीतल्या कामगार बायका कॅसलटनहून हाच चढ चढून कामावर यायच्या. रोज!

"रोज?" साहेबांनी विचारलं आणि उतारभर गप्प राहिले.

मामी, तुमच्या लेकाचा डावा बूट तीन दिवस आमच्या रेडिएटरवर वाळत होता. घरभर अजून वास आहे.