रद्दी जाळू नका, गोठा कोरडा करा

पावसाळा लागला की गावोगाव दोन ठिकाणी हमखास चिखल होतो. एक आपल्या गोठ्यात आणि दुसरा ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या नाहीतर सोसायटीच्या मागे टाकलेल्या कागदाच्या ढिगात. गोठ्यातला चिखल आपण फावड्याने ओढून उकिरड्यावर नेतो. कागदाचा ढीग मात्र तसाच पडून राहतो आणि ऊन पडले की कुणीतरी त्याला काडी लावतो. ओल शोषून घेणारी वस्तू जाळायची आणि जनावर ओल्यात उभे करायचे, याला शहाणपणाचा व्यवहार कसे म्हणावे? वाचकहो, आज त्याविषयीच चार शब्द.

आधी गोठ्याचे पाहू. मोठी गाय किंवा म्हैस दिवसाला १०-१५ लिटर मूत टाकते. दावणीला चार जनावरे असतील तर रोजचे ४०-६० लिटर झाले. फरशी असेल, उतार आणि नाली नीट असेल, तर ते वाहून तरी जाते. मुरमाच्या जमिनीत ते मुरते, आणि पावसाळ्यात मुरायलाही जागा उरत नाही. मग जनावर त्याच ओलीत बसते. दूध काढल्यावर काही वेळ सडांची तोंडे उघडी असतात. घाणीतले जंतू तेवढ्यात आत शिरतात आणि कासदाह होतो. आपल्याकडे याला दगडी म्हणतात. एक सड गेला की गायीची किंमत किती उतरते, ते बाजारात गाय नेलेल्या माणसाला विचारा. सतत ओलीत राहून खुरे मऊ पडतात, लंगडेपणा येतो, तो त्रास वेगळाच.

तिसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळते. जनावर जे नत्र बाहेर टाकते, त्यातले निम्म्याच्या आसपास मुतातून जाते. पालाश तर बहुतेक त्यातूनच जाते. सकाळी गोठ्यात शिरताना नाकात जो झणका बसतो, तो अमोनियाचा. म्हणजे युरियाच्या गोणीत जो माल आपण पैसे मोजून आणतो, तोच इथे फुकट हवेत उडत असतो.

जुन्या माणसांना हे ठाऊक होते. म्हणून गोठ्यात पेंढा, गव्हाणीतली उरलीसुरली वैरण, कोकणात पातेरा अंथरण्याची रीत होती. सकाळी ते सगळे शेणासकट उकिरड्यावर जायचे आणि त्याचे खत व्हायचे. आता पेंढ्याला वैरण म्हणूनच भाव आहे. भाताचे तूस आणि लाकडाचा भुसा बॉयलरला आणि वीटभट्टीला जातो. कोंबड्यांची गादी घालणाऱ्यांची ओरड तर आणखी मोठी आहे. ऐन पावसाळ्यात तूस मिळत नाही, मिळाले तर ओले मिळते, आणि ओल्या गादीवर पिलांना रक्ती हगवण लागायला वेळ लागत नाही. त्या रोगाचे बीज ओलीतच पिकते.

इथे कागद कामाला येतो. कागद म्हणजे झाडाच्या बारीक तंतूंची जाळी. हे तंतू गवताच्या काडीसारखे आतून पोकळ असतात. पाणी तंतूंच्या मधल्या फटीत चढते आणि तंतूंच्या भिंतीतही शिरते. शाळेत दौत-टाक वापरलेल्या पिढीला टीपकागद आठवत असेल. लिहायच्या कागदाला शाई फुटू नये म्हणून खळ दिलेली असते, टीपकागदाला ती नसते, म्हणून तो शाई पटकन पिऊन टाकतो. वर्तमानपत्राच्या कागदालाही खळ जवळजवळ नसते. तेव्हा आज तुमच्या हातात असलेले हे पान उद्या गोठ्यात उत्तम टीपकागदाचे काम करील. वहीचा आणि कचेरीतला कागदही चालतो, पण तो सावकाश पितो. गुळगुळीत, चकचकीत मासिकांच्या कागदावर पांढऱ्या मातीचा लेप असतो, तो या कामी कुचकामी.

मात्र एक गोष्ट आधी स्पष्ट केली पाहिजे. चांगली, कोरडी, वेगळी केलेली रद्दी गोठ्यात घालू नये. तिची पहिली जागा कागद गिरणीत आहे. आपल्या देशातल्या कागदाचा मोठा हिस्सा रद्दीपासूनच बनतो आणि ती पुरत नाही म्हणून परदेशातून जहाजाने आणावी लागते. शिवाय गठ्ठा विकून घरच्या बाईला चार पैसे मिळतात, आणि दारोदार कागद वेचणाऱ्या बायाबापड्यांची चूल त्यावर पेटते. गोठ्यासाठी त्यांच्या तोंडचा घास काढावा, असे आम्ही कदापि म्हणणार नाही.

पण गिरणीलाही सगळा कागद नको असतो. कागद जितक्या वेळा भिजून, दळून पुन्हा बनतो, तितके त्याचे तंतू आखूड होतात. पाच-सात फेऱ्यांनंतर त्यात नवा कागद धरून ठेवायचा जीव राहत नाही. यंत्रातून काढलेली बारीक कात्रणे, मळलेला, पाणी लागलेला, फाटका कागद, उंदरांनी कुरतडलेले जुने गठ्ठे, अंड्यांचे मोडके ट्रे, यांना रद्दीवाला हात लावत नाही, लावला तर मातीमोल भाव देतो. आज काडी लागते ती या मालाला. गोठ्याचा हक्क यावर आहे. चांगला कागद गिरणीला, हलका कागद गोठ्याला आणि गोठ्यातून शेताला. कागदाचा शेवटचा मुक्काम शेतात असावा, धुरात नसावा.

आता कृती सांगतो. भिजलेला कागद आधी उन्हात खडखडीत वाळवून घ्या. बुरशी चढलेला वेचून थेट खताच्या खड्ड्यात टाका. बाकीच्याच्या बोटभर रुंद पट्ट्या करा. वर्तमानपत्र वरून खाली उभे फाडले की सरळ पट्टी निघते, आडवे फाडले की वेडेवाकडे फाटते. कारखान्यात ज्या दिशेने कागद धावतो त्याच दिशेने त्याचे तंतू बसतात, म्हणून असे होते. पट्ट्या वितीएवढ्या तोडून गोणीत भरा आणि गोणी कोरड्या जागी, चुलीपासून आणि विडी ओढणाऱ्यापासून लांब ठेवा. जनावराच्या मागच्या पायांकडे चार बोटे जाडीचा थर द्या. भिजलेला भाग रोज काढून तेवढाच नवा घाला. कागदाचा एक दुर्गुण असा की भिजल्यावर तो दबून पापडी धरतो. म्हणून नुसता कागद न घालता तूस, भुसा किंवा पाचट मिसळा. कोंबड्यांच्या गादीत तर मिसळूनच घाला आणि रोज दाताळ्याने वरखाली करा. गादीचा मूठभर माल दाबून पाहा. गोळा घट्ट राहिला तर ओल जास्त आहे. सैल होऊन सुटला तर ठीक. हातात नुसती धूळ आली तर फार कोरडे झाले.

कागद तुम्हाला परवडतो की नाही, हे आमच्या सांगण्यावर मानू नका. घरी करून बघा. वाळलेले कागदाचे तुकडे १०० ग्रॅम, तूस १०० ग्रॅम, भुसा १०० ग्रॅम घ्या. वेगवेगळ्या फडक्यांत सैल बांधून अर्धा तास पाण्यात बुडवा, मग अर्धा तास टांगून निथळू द्या. तशीच रिकामी फडकीही भिजवून, निथळून त्यांचे वजन बाजूला काढा. समजा तुसाचे १०० ग्रॅम भिजून २५० झाले, तर एका किलोने दीड लिटर पाणी धरले. कागदाचे १०० ग्रॅम भिजून ४०० झाले, तर एका किलोने तीन लिटर धरले. तेव्हा तुसाच्या दुप्पट भावापर्यंत कागद परवडला, त्यापुढे नाही. आकडे उदाहरणापुरते आहेत, खरे आकडे तुमचा तराजू सांगेल.

हे गणित महत्त्वाचे अशासाठी की परदेशातला अनुभव हेच सांगतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या शहरांनी घरोघरची वर्तमानपत्रे वेगळी गोळा करायला सुरुवात केली. माल इतका साठला की त्याला गिऱ्हाईक उरले नाही. तेव्हा विस्कॉन्सिनसारख्या दुभत्या राज्यांत तो कापून गायींखाली अंथरू लागले. १९९५च्या सुमारास रद्दीचे भाव भडकले. कागद महाग झाला की तो गोठ्यात घालणे कुणालाच परवडत नाही. म्हणून आपण सुरुवातीपासूनच विकाऊ रद्दीवर नजर न ठेवता टाकाऊ कागदावर ठेवावी.

आता सावधगिरीचे. पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे टाचण्या आणि स्टेपलच्या पिना. जनावर कागद खाते, हे कुणाला सांगायला नको. पोटात गेलेली तार किंवा टाचणी दुसऱ्या कप्प्यात अडकते, तिथून पुढे टोचत जाऊन हृदयापर्यंत पोचू शकते आणि जनावर दगावते. कचेरीचा कागद घेताना प्रत्येक पान तपासा. तपासायला सवड नसेल, तर तो कागद घेऊच नका. दुसरे, गव्हाणीत कागद टाकू नका आणि जनावर उपाशी ठेवून त्यावर बांधू नका. छपाईची काळी शाई मुख्यतः काजळी आणि तेलाची असते, ती खाण्याची वस्तू नव्हे. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका, असा इशारा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये दिला तो छपाईच्या शाईमुळेच. तिसरे, चहाचे कागदी कप आणि दुकानातल्या यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्या वगळा. कपाला आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते आणि पावत्यांवर रसायन असते.

चौथे, ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये सांडलेले तेल टिपायलाही कागदाचा चुरा चांगला. पण तेल प्यालेला कागद खतात घालायचा नाही, तो वेगळाच ठेवायचा. आणि शेवटचे, आयाबहिणींसाठी. रद्दीपासून घरच्या घरी सॅनिटरी पॅड करा, असे कुणी सांगत आले तर ऐकू नका. बाजारातल्या पॅडमध्ये लाकडाचा स्वच्छ, नवा लगदा असतो. रस्त्यावरून आलेल्या कागदाला अंगाशी जागा नाही.

गोठ्यातून निघालेला कागद तसाच शेतात पसरू नका. कागदात कर्ब फार आणि नत्र नाममात्र. कच्चा घातला तर तो कुजताना जमिनीतलेच नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळे पडते. पण मूत प्यालेला कागद शेणाबरोबर खड्ड्यात गेला की दोघांची जोडी जमते. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी दिलेली नाडेपची टाकी आपल्या शेतकऱ्याला माहीत आहेच. काडीकचऱ्याच्या थरात हा कागद घाला, वर शेणकाला आणि माती द्या. गांडूळखत करणाऱ्यांना तर सांगायलाच नको, ओला कागद गांडुळे आवडीने खातात.

हे एकट्यादुकट्याने करण्याचे काम नाही. राज्यात २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि गावांनी हातात झाडू घेतला. ओला-सुका वेगळा करण्याचा नियमही कागदोपत्री आहे. ग्रामपंचायतीने कागदाच्या दोन गोण्या ठेवाव्यात, एक विकायची आणि एक गोठ्याची. पिना काढणे आणि पट्ट्या करणे बचत गटाकडे द्यावे, मात्र त्याची मजुरी चोख द्यावी. फुकटच्या सेवेवर अशी कामे दोन महिने चालतात, तिसऱ्या महिन्यात बंद पडतात. दूध संघाने दहा-वीस गोठे निवडावेत आणि कृषी विज्ञान केंद्राने एक पावसाळाभर कासदाहाची, खर्चाची आणि खताची नोंद ठेवावी. पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने या नोंदी तपासून फायदा-तोटा दोन्ही शेतकऱ्यांपुढे मांडावा.

तोवर तुम्ही एवढे करा. गावात कागदाच्या ढिगाला कुणी काडी लावताना दिसला, तर त्याचा हात धरा आणि त्यातली एक गोणी घरी आणा. पिना काढून, पट्ट्या करून एका जनावराखाली आठ दिवस अंथरा. शेजारच्या जनावराखाली नेहमीचेच राहू द्या. आठव्या दिवशी दोन्ही जागा हाताने चाचपून पाहा, आणि जे आढळेल ते आम्हाला पोस्टकार्डाने कळवा. चांगले निघाले तरी छापू, वाईट निघाले तरी छापू.