मराठवाड्याचे पाणी कोणी प्यायले?

दुष्काळ पडला की आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाला माल्थसची आठवण होते. १७९८ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निबंध ज्यांनी उघडूनही पाहिला नाही, असे गृहस्थही छातीठोकपणे सांगतात की माणसे फार झाली, निसर्ग तरी कोणाकोणाला पुरणार? ही भाषा आता आपल्या काही कार्यकर्त्यांच्या तोंडीही ऐकू येते, म्हणून हा लेखनप्रपंच.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. पहिल्या खेपेस पाच लाख लिटर. त्याच वर्षीच्या गळीत हंगामात मराठवाड्यातील साखर कारखाने मात्र ऊस गाळीत होते. या प्रदेशात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उसाला त्याच्या सुमारे तिप्पट पाणी लागते. एका हेक्टर उसाचे पाणी दोन कोटी लिटरच्या घरात जाते. ग्रामीण नळयोजनांसाठी सरकारनेच ठरविलेले प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे. म्हणजे त्या एका हेक्टराच्या पाण्यावर हजार माणसांचे वर्ष निघते! मग तोंडे कोणाची मोजायची?

आणि तोंडे तरी कोठे वाढत आहेत? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील जननदर दर स्त्रीमागे १.७ इतका खाली आला आहे. लोकसंख्या स्थिर राहण्यास २.१ लागतो. तरीही २००१ नंतर तिसरे अपत्य झालेली मजूर स्त्री ग्रामपंचायतीच्या निवडणुकीस अपात्र ठरते. किती मुले व्हावीत हे तिच्या हाती कधी होते? याच राज्याच्या विधिमंडळाने १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून आपण वाचलो. ती वृत्ती मात्र गेलेली नाही.

मर्यादा ही भांडवलदारांची थाप आहे, असे म्हणणारे आपल्यातील मित्रही तितकेच चुकतात. खडकातील पाणी घोषणांनी वाढत नाही. दोन एकरांत ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला शिव्या देण्यातही अर्थ नाही. उसाच्या दराला कायद्याचा आधार आहे आणि घेणारा कारखाना ठरलेला आहे. तुरीचा हमीभाव बहुधा कागदावरच राहतो. तो शहाणपणानेच ऊस लावतो. प्रश्न धरणाचे पाणी कोणाच्या शब्दावर सुटते हा आहे, आणि तेथे आपली जीभ अडखळते, कारण कारखान्यांच्या संचालकांशी आपल्याला निवडणुकीत समझोते करावयाचे असतात.

१९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगावी विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तेथे पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर दिले, भूमिहीनांनाही त्यात हक्क दिला आणि उसाला मज्जाव केला. तोंडे तेथेही मोजली गेली, पण ती पाणी देण्यासाठी. मराठवाड्यातील आपल्या जिल्हा शाखांनी हा नियम धरणांच्या लाभक्षेत्राला लावण्याचा ठराव येत्या मेळाव्यांत मांडावा. कोण हात वर करतो आणि कोण चहाला उठून जातो, ते एकदा दिसू द्या.