चार घरांची मंडळी

पोलादाच्या भट्टीला रविवार माहीत नसतो. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून भिलाईचा कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि तेव्हापासून तेथील कामगाराचे आयुष्य पाळीच्या हिशेबाने चालत आले. या कारखान्याच्या आश्रयाने वाढलेली खुर्सीपार ही वस्ती अशाच माणसांची आहे. तेलुगू, ओडिया, मल्याळम, मराठी, हिंदी आणि मूळची छत्तीसगढी अशा अनेक भाषा बोलणारी कुटुंबे पोटासाठी भिलाईत आली आणि शेजारी झाली. त्यांतील ख्रिस्ती माणसाला रविवार सकाळच्या मोठ्या उपासनेस दर आठवड्याला जाता येईलच असे नाही. त्याचे धर्मजीवन प्रत्यक्षात चालते ते एखाद्या संध्याकाळी, कोणाच्या तरी क्वार्टरात, चार-पाच कुटुंबे सतरंजीवर बसतात तेथे. एक गीत, शास्त्राचे वाचन, कोणाचे आजारपण, कोणाची सुटलेली नोकरी, आणि शेवटी चहा.

या लहान बैठकीकडे चर्चचे पुढारी बहुधा एक सोय म्हणून पाहतात आणि वाङ्मयाचे अभ्यासक तर पाहतच नाहीत. या दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. लहान गट ही चर्चची शाखा नव्हे. निदान भारतीय भाषांपुरते बोलायचे तर चर्चचे मूळ तेथेच आहे. आणि ज्या भाषेत माणूस देवाशी बोलतो त्या भाषेचे रक्षणही तेथेच झाले आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. नव्या करारातील ग्रीक ‘एक्लेसिया’ म्हणजे बोलावून एकत्र केलेल्यांची सभा. हा शब्द आपल्या भाषांत येताना प्रत्येकीने आपापला मार्ग धरला. हिंदी बायबलात प्रामुख्याने ‘कलीसिया’ रूढ झाले. म्हणजे मूळ ग्रीक शब्दच फारसी वळण घेऊन आला. तेलुगूने ‘संघमु’ म्हटले, मल्याळमने ‘सभा’. मराठी कॅथलिकांनी ‘ख्रिस्तसभा’ स्वीकारली. मराठी प्रॉटेस्टंटांनी मात्र ‘मंडळी’ हा शब्द घेतला, आणि ओडिया व बंगाली या भाषांनीही तोच घेतला. संघ आणि सभा या शब्दांना संस्थेचा गंध आहे. तेथे अध्यक्ष असतो, ठराव असतो. मंडळीला तो गंध नाही. भजनी मंडळी, शेजारची मंडळी, घरची मंडळी हे आपले नित्याचे प्रयोग. जेवायला बसलेल्यांना ‘मंडळी’ म्हणूनच हाक घालतात आणि कीर्तनकारही श्रोत्यांना तीच हाक घालतो. ज्या मराठी माणसाने ‘एक्लेसिया’साठी हा शब्द पत्करला त्याने, कळत असो वा नकळत, चर्चची व्याख्याच ओसरीवर आणून ठेवली.

ही व्याख्या आरंभीच्या ख्रिस्ती परंपरेला धरूनच होती, हे विसरून चालणार नाही. पौलाच्या पत्रांत प्रिस्किल्ला आणि अक्विला यांच्या घरच्या मंडळीला सलाम आहे. फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्या पत्रातही त्याच्या घरी जमणाऱ्यांचा उल्लेख आहे. दोघे-तिघे जेथे जमतात तेथे आपण असू, असे ख्रिस्ताचे आश्वासन आहे. त्यासाठी इमारतीची अट त्याने घातलेली नाही. इमारत आणि गट यांचा एक बोधक संबंध मेथडिस्टांच्या इतिहासात आढळतो. १७४२ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे प्रार्थनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, आणि सुमारे बारा जणांमागे एकाने ती घरोघर जाऊन गोळा करावी, असे ठरले. वसुली करणाऱ्यांना लोकांची दुःखे, व्यसने, भांडणे दिसू लागली, आणि त्या वसुलीच्या गटालाच जॉन वेस्लीने परस्परांच्या आत्मिक विचारपुशीचे रूप दिले. त्या परिसरातील किंग्जवुडच्या कोळसा-खाणकामगारांत वेस्लीचे बरेच काम होते. खाणीतला मजूर आणि भट्टीवरचा मजूर यांचे प्रश्न फार वेगळे नसतात. दोघांनाही नावाने ओळखणारे कोणीतरी हवे असते.

आता भाषेच्या रक्षणाचा मुद्दा. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ नवख्रिस्ती श्रोत्यांनी ऐकावा म्हणून रचलेला होता. १६४९ आणि १६५४ या वर्षी त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. पुढे १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने देशी भाषा तीन वर्षांत सोडण्याचा हुकूम काढला. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ नष्ट झाला नाही, कारण ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या हस्तलिखित नकला जपल्या. अशा हस्तलिखितांच्या आधारेच जोसेफ सालदान्हा यांनी १९०७ साली मंगळूर येथे त्याची नवी आवृत्ती काढली. छापखाना, राजसत्ता आणि धर्मसत्ता यांच्यापेक्षा घर अधिक टिकाऊ ठरले.

केडगावच्या मुक्तिसदनातही हेच दिसते. १९०५च्या आरंभी पंडिता रमाबाईंच्या प्रेरणेने काही स्त्रिया रोज प्रार्थनेसाठी जमू लागल्या. त्या वर्षीच्या जूनमध्ये तेथे झालेल्या जागृतीचा उगम या लहान जमावात होता. आणि सामान्य स्त्रीला समजेल अशा मराठीत रमाबाईंनी केलेले बायबलचे भाषांतर याच आश्रमातील स्त्रियांच्या हातांनी छापले गेले. ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, संपूर्ण प्रसिद्ध झाले. प्रार्थना आणि भाषा ही कामे तेथे वेगळी नव्हती.

परंतु लहान गटाची केवळ स्तुती करून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. जो गट ऊब देतो तोच दार लावूनही घेतो. एकोणिसाव्या शतकात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) परिसरात निरनिराळ्या अस्पृश्य जातींतून आलेले ख्रिस्ती एकमेकांजवळ बसण्यास सहज तयार नसत. जात बाप्तिस्म्याच्या पाण्यात विरघळली नव्हती. भिलाईसारख्या बहुभाषी नगरात जातीच्या जोडीला भाषेची भिंत येते. तेलुगू गट तेलुगूंचा, मल्याळी गट मल्याळींचा, मराठी गट मराठींचा. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चनी एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्चची स्थापना केली. हे ऐक्य मोठेच होते. पण कोणतेही ऐक्य कॅथीड्रलमध्ये जाहीर होते आणि गल्लीत सिद्ध व्हावे लागते. गल्लीतले गट आपापल्या भाषेत कोंडून बसले तर वरचे ऐक्य कागदावर राहील.

तर मग मातृभाषेचे गट मोडून सर्वांनी हिंदीत प्रार्थना करावी काय? हा उपाय सोपा आहे, आणि म्हणूनच घातक आहे. बाहेर हिंदीत शिकणाऱ्या तिसऱ्या पिढीला आजीची भाषा गंभीर विषयासाठी वापरली जाताना ऐकू येते ती बहुधा याच बैठकीत. स्वयंपाकघरातली मराठी पुष्कळ दिवस टिकते. पण पाप, क्षमा, मरण, आशा यांविषयी बोलणारी मराठी कानावर पडली नाही तर ती एका पिढीतच मुकी होते.

या पेचाचे उत्तर, मला वाटते, रेव्हरंड नारायण वामन टिळकांपाशी सापडते, आणि ते सापडावे हे स्थळदृष्ट्याही योग्य आहे. १८९३च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी आगगाडीने चालले होते. डब्यात एका युरोपीय गृहस्थाशी गाठ पडली, काव्यावर आणि धर्मावर बोलणे झाले, आणि त्या गृहस्थाने नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती दिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. हाच लोहमार्ग राजनांदगावच्या पुढे दुर्गला आणि भिलाईला जातो. मराठी ख्रिस्ती काव्याची एक मोठी धारा रेल्वेच्या डब्यातील दोघांच्या मंडळीतून सुरू झाली असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

याच टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात बंधू म्हणून बसू शकत होते. ९ मे १९१९ रोजी टिळक वारले आणि दरबार पुढे टिकला नाही. तो अयशस्वी झाला म्हणून चर्चच्या इतिहासाने त्याला तळटीपेत ढकलले. पण त्याची कसोटी आजही उभी आहे: गट लहान असावा, भाषा आपली असावी, आणि दार उघडे असावे. यांतील तिसरी अट गेली की पहिल्या दोन अटींतून जमात तयार होते, मंडळी नव्हे.

उघड्या दाराला छत्तीसगडात आणखी एक अर्थ आहे. १९५४ साली नेमलेल्या नियोगी समितीचा अहवाल १९५६ साली नागपुरात प्रसिद्ध झाला. १९६८ साली मध्यप्रदेशाने धर्मांतराविषयीचा कायदा केला आणि २००० साली नवे राज्य झाल्यावर तो छत्तीसगडकडे आला. घरात भरणाऱ्या प्रार्थनासभांविषयीचा संशय आणि त्यांत आणलेले व्यत्यय यांच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत या राज्यातून वारंवार आल्या आहेत. घरात चार माणसांनी देवाचे नाव घेणे हा कट नव्हे, हे शासनाने आणि समाजाने मान्य केले पाहिजे. जेथे भजनी मंडळी बसते तेथे ही मंडळीही बसू शकते. पण भीतीपोटी गटाने दार लावून घेतले तर संशयालाच पुष्टी मिळेल. शेजारच्या घरातील माणूस येऊन बसला, ऐकून गेला, न पटल्यास न पटल्याचे सांगून गेला, तर त्यात मंडळीचे काहीच जात नाही.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना शेवटी एवढेच सुचवावयाचे आहे. ख्रिस्ती मराठी वाङ्मय म्हणून आपण ‘ख्रिस्तपुराण’, टिळकांची कविता आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ शिकवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या बैठकींतून असे वाङ्मय उगवते आणि जेथे ते जिवंत राहते, त्या बैठकींची भाषा अजून कोणी नीट टिपलेली नाही. भिलाईत ‘संघमु’, ‘सभा’, ‘कलीसिया’ आणि ‘मंडळी’ हे चार शब्द एकाच कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावून राहतात. तेथील प्रार्थनांत तेलुगूतून मराठीत, मराठीतून हिंदीत काय जाते, काय गळते, याची नोंद आजी-आजोबांची पिढी आहे तोवरच होऊ शकेल. ग्रंथालयातली कपाटे थांबतील; ती पिढी थांबणार नाही.