व्याख्यानमालेत राजकारण वर्ज्य का?

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. २०२५ मध्ये त्या घटनेला दीडशे वर्षे पूर्ण झाली. महाराष्ट्रातील कितीतरी गावांतून वाचनालये, नगरभवने आणि सांस्कृतिक मंडळे यांच्या आश्रयाने ज्या व्याख्यानमाला चालतात, त्या सर्वांची ही वडीलधारी. परंतु वारसा सांगणे निराळे आणि तो चालविणे निराळे. आज एखाद्या तालुक्याच्या गावातील व्याख्यानमालेची निमंत्रणपत्रिका पाहावी. आरोग्य, अध्यात्म, व्यक्तिमत्त्वविकास, स्पर्धा परीक्षा आणि शेवटच्या दिवशी विनोदी कविसंमेलन असा तिचा ठरलेला साचा असतो. राजकारण हा विषय तीत सहसा नसतो. राजकारणी माणसे मात्र भरपूर असतात. उद्घाटक, अध्यक्ष, स्वागताध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे यांची नावे वक्त्याच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापलेली असतात. राजकारणी व्यासपीठावर आणि राजकारण व्यासपीठाबाहेर, अशी ही चमत्कारिक व्यवस्था आहे.

या व्यवस्थेला सोज्ज्वळपणाचे रूप दिले जाते. संस्कृतीच्या दालनात राजकारण आणू नये, असे संचालक मंडळी विनयाने सांगतात. परंतु ज्या वर्षी पुण्यातील या परंपरेचा आरंभ झाला, त्या वर्षाकडे पाहिले तर हा विनय इतिहासाला धरून नाही, हे लक्षात येते. मे १८७५ मध्ये त्याच पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. शहरात वक्तृत्वाला उत्तेजन मिळत असताना खेड्यात कागद जळत होते. रानड्यांचे मोठेपण असे, की या दोन गोष्टी त्यांनी परस्परांपासून अलग मानल्या नाहीत. ज्या सार्वजनिक सभेत ते हिरिरीने काम करीत, तिने शेतकऱ्यांच्या स्थितीची पाहणी केली व सरकारकडे अर्ज-विनंत्या धाडल्या. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला, तेव्हा त्याच्या अंमलबजावणीतही न्यायाधीश या नात्याने त्यांनी भाग घेतला. हा मनुष्य सरकारी नोकर होता, हे येथे मुद्दाम नमूद करणे अगत्याचे आहे. परक्या सरकारच्या नोकरीत राहून जे बोलता येत होते, ते स्वतःच्या प्रजासत्ताकात ऐकण्याचीही भीती वाटावी, यात कोठेतरी आपलेच चुकते आहे.

रानड्यांच्या नावाचे एक व्याख्यान

१८ जानेवारी १९४३ रोजी, रानड्यांच्या जयंतीदिनी, पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे व्याख्यान झाले. रानडे, गांधी आणि जीना यांची तुलना हा त्याचा विषय. पुढे ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्या व्याख्यानात बाबासाहेबांनी ज्यांचा गौरव केला त्यांची चिकित्साही केली, आणि थोर पुरुषांच्या अंध पूजेबद्दल श्रोत्यांना सावध केले. सहा वर्षांनी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील अखेरच्या भाषणात, राजकारणातील भक्तीचा धोका त्यांनी पुन्हा बजावून सांगितला. एका सभागृहातील व्याख्यानात मांडलेला विचार काही वर्षांनी राष्ट्राच्या घटनेच्या उंबरठ्यावर अधिक धारदार होऊन उभा राहतो, हे व्याख्यानाचे सामर्थ्य होय. जयंतीचा दिवस, स्मारकाचे सभागृह आणि तरीही स्तुतिपाठ नाही. आपल्याकडील जयंत्यांच्या कार्यक्रमांशी याची तुलना ज्याची त्याने करावी.

मौद्याचा प्रश्न

हे सारे पुण्याच्या पेठांपुरते आहे, आमच्या मौद्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. नागपूरपासून भंडारा मार्गावर सुमारे ३५ किलोमीटरवर, कन्हान नदीकाठी वसलेले हे तालुक्याचे गाव. वक्ता ऐकायचा तर नागपूरला जावे आणि शेवटची बस धरून परत यावे, असा येथील शिक्षक-कारकुनांचा शिरस्ता. परंतु राजकारणाचे विषय मौद्याला नागपुरातून आणावे लागत नाहीत. पेंच प्रकल्पाचे पाणीच घ्या. ते या तालुक्यातील धानाला लागते, नागपूर शहराच्या नळांना लागते आणि औष्णिक वीज केंद्रांनाही लागते. वर मध्य प्रदेशात चौराईचे धरण झाल्यापासून खाली येणाऱ्या पाण्याचा प्रश्न आणखी बिकट झाला. राज्याच्या २००३ च्या जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम लावला होता. २०११ मध्ये तो फिरवून शेतीला उद्योगाच्या आधी आणण्यात आले. हा क्रम कोणी लावला, कोणी फिरवला आणि प्रत्यक्ष कालव्यात त्याचे प्रतिबिंब किती पडते? हा अर्थशास्त्राचा विषय आहे तितकाच राजकारणाचा आहे, आणि त्याचे उत्तर धानाच्या बांधीत उभ्या असलेल्या माणसाला हवे आहे. तसेच, मौद्याजवळ २३२० मेगावॅट क्षमतेचे वीज केंद्र उभे आहे. त्याच्या वाट्याला जमीन, कोळसा आणि पाणी येते. परिसराच्या वाट्याला रोजगार किती आणि राख किती, याचा हिशेब शांतपणे, आकडे मांडून, दोन्ही बाजू ऐकून घेण्याची जागा कोठे आहे? मोर्चात तो होत नाही आणि निवडणुकीच्या सभेत तर नाहीच. मोबाईलवर येणाऱ्या संदेशांनी तो होतो असे मानणे म्हणजे बाजारातील आरड्याओरड्याला भाव ठरविण्याची पद्धत समजणे होय.

लोक ऐकायला येणार नाहीत, हा दुसरा आक्षेप. दिवाळीनंतर या पट्ट्यात मंडई भरते. रात्र रात्र खडीगंमत चालते, आणि तीत चालू काळावर जे टोमणे मारले जातात त्यांना माणसे दिलखुलास दाद देतात. याच विदर्भात संत गाडगेबाबांनी श्रोत्यांनाच प्रश्न विचारून, त्यांच्याच तोंडून उत्तरे काढून कीर्तन रंगविले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या साथीने ग्रामव्यवस्थेचा विचार घराघरांत नेला. ज्या भूमीत कीर्तनाचा निम्मा भाग श्रोत्यांचा असे, तेथील माणूस दोन तास बसू शकत नाही, हे खरे नव्हे. त्याला केवळ बसविले जाते आणि विचारले काहीच जात नाही, म्हणून तो उठून जातो.

तिसरा आक्षेप नोकरदारांचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सेवाशर्तींचे नियम आड येतील, अशी शिक्षक व कारकून यांना धास्ती असते. शासकीय सेवकांसाठी महाराष्ट्रात १९७९ चे वर्तणूक नियम आहेत. पक्षाचे काम आणि निवडणुकीचा प्रचार यांना ते प्रतिबंध करतात. परंतु जलनीतीवरील किंवा अर्थसंकल्पावरील व्याख्यान ऐकणे म्हणजे प्रचार करणे नव्हे. ही रेषा संयोजकांनीच स्वच्छ आखली पाहिजे, म्हणजे श्रोत्याला भिण्याचे कारण उरणार नाही.

पैसा आणि पथ्ये

मुख्य अडचण अखेर पैशाची आहे. व्याख्यान ही अर्थशास्त्राच्या परिभाषेत बरीचशी सार्वजनिक वस्तू आहे. तिचा लाभ न देणाऱ्यालाही मिळतो, म्हणून देण्याला कोणी पुढे होत नाही. ही पोकळी मग एखादा दाता भरतो आणि दात्याबरोबर त्याचा फलक, त्याचा सत्कार आणि त्याचे मौनही येते. ज्या विषयाने दाता अडचणीत येईल तो विषय आपोआप गळतो. त्यासाठी कोणाला मनाई करावी लागत नाही. याला उपाय एकच, पुष्कळ लोकांनी थोडे थोडे द्यावे. एका मोठ्या देणगीपेक्षा दोनशे श्रोत्यांची वर्षाकाठी लहानशी वर्गणी अधिक स्वतंत्र असते. जागा शोधायला दूर जायला नको. १९६७ च्या कायद्यान्वये राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे आहे. त्यांच्या अनुदानाचा हेतू केवळ पुस्तकांवरची धूळ झटकणे हा खचितच नाही.

पथ्ये थोडीच, पण कडक असावीत. विद्यमान लोकप्रतिनिधी वा निवडणुकीचा उमेदवार यांना वक्ता म्हणून बोलवावयाचे तर विरुद्ध मताच्या वक्त्यालाही तितकाच वेळ द्यावा. सत्कार आणि हार यांना फाटा द्यावा. निम्मा वेळ प्रश्नांसाठी राखावा आणि प्रश्न चिठ्ठ्यांवर घेऊन वाचून दाखवावेत, म्हणजे भिडस्त माणसाचा व महिलांचाही प्रश्न पुढे येईल. वक्त्याने दिलेल्या आकड्यांचा आधार त्याच्याकडून लिहून घ्यावा. आणि वसंत ऋतूचा हट्ट सोडावा. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात वसंत नसतो, वणवा असतो. धान घरी आल्यानंतरचे हिवाळ्याचे दिवस हाच आपला व्याख्यानांचा हंगाम.

दहा दिवसांत दहा व्याख्याने झाली म्हणून मौद्याचे राजकारण बदलून जाईल, अशी भाबडी आशा कोणी बाळगू नये. परंतु ज्या तरुणाने पाणीवाटपाचा क्रम समजून घेतला आहे, तो पुढच्या निवडणुकीत मत मागायला आलेल्या उमेदवाराला कालव्याच्या शेवटच्या टोकाबद्दल विचारील. उमेदवाराला उत्तर तयार करून यावे लागेल. लोकशाहीची खरी कमाई एवढीच असते, आणि ती फुकट मिळत नाही. तेव्हा सांस्कृतिक भवनाच्या दारावर राजकारणाला मज्जाव करण्याआधी, आत खुर्चीवर कोणाला बसविले आहे, हे संचालकांनी एकदा पाहून घ्यावे.