दोघांचा एक, एकाचे दोन

फेब्रुवारी 2004 मध्ये बिलबोर्डच्या हॉट 100 यादीत आउटकास्टने आउटकास्टलाच खाली खेचलं. ‘हे या!’ नऊ आठवडे पहिल्या नंबरावर ठाण मांडून होतं. ते उतरलं आणि त्या जागी आलं ‘द वे यू मूव्ह’. तेही तोवर त्याच्याच पाठीमागे, दुसऱ्या नंबरावर ताटकळत होतं. अटलांटाच्या हिप हॉप जोडीचा हा पराक्रम अजून सांगितला जातो.

जोडीचा? ‘हे या!’ जोडीतल्या आंद्रे 3000 चं. लिहिलं त्याने, गायलं त्याने, बरीचशी वाद्यंही त्यानेच वाजवली. ‘द वे यू मूव्ह’ जोडीतल्या दुसऱ्याचं, बिग बॉयचं. त्याच्या जोडीला आहे स्लीपी ब्राउन, आंद्रे नाही. पहिल्या नंबरावरून एक माणूस उठला आणि दुसरा बसला. पाटी तेवढी तीच राहिली.

‘हे या!’चा व्हिडिओ पुन्हा पाहावा. बीटल्स 1964 मध्ये एड सुलिव्हनच्या कार्यक्रमात आले होते, त्या प्रसंगावर तो बेतलेला आहे. मंचावर आठ जण. आठही आंद्रेच. बिग बॉय दिसतो, नाही असं नाही. तो बँडचा मॅनेजर झाला आहे. त्याच 1964 साली बीटल्सनीही स्वतःचं एक गाणं उतरवून दुसरं वर चढवलं होतं. पण त्या दोन्ही गाण्यांत चौघेही होते.

ही दोन्ही गाणी ज्यातली, त्या अल्बमची गोष्ट वेगळी नाही. ‘स्पीकरबॉक्स/द लव्ह बिलो’ सप्टेंबर 2003 मध्ये आला. डिस्क दोन. एक बिग बॉयची, एक आंद्रेची. एकमेकांकडे येणंजाणं थोडंफार आहे, पण चुली वेगळ्या आणि सातबारा सामाईक, असा तो संसार.

आता हिशेब बघा. अमेरिकेतल्या रेकॉर्डिंग उद्योगाच्या संघटनेचा नियम आहे : दुहेरी अल्बम शंभर मिनिटांहून मोठा असेल, तर प्रत्येक डिस्क वेगळी मोजायची. हा अल्बम सव्वादोन तासांच्या घरातला. गिऱ्हाइकाने पैसे एकदा मोजले, संच एक घरी नेला, खात्यात दोन पडले. डायमंडचा मान 1 कोटी प्रतींना मिळतो. इथे तो 50 लाख संचांत पदरात पडतो. यात लबाडी काही नाही. पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’चाही एक संच दोन धरला गेला. पण प्लास्टिकच्या दोन चकत्या इतक्या काटेकोरपणे वेगळ्या करणाऱ्या धंद्याला दोन माणसं मात्र वेगळी करावीशी वाटली नाहीत. यादी बिलबोर्डची, प्रमाणपत्र संघटनेचं, हे मान्य. धंदा एकच. त्याच फेब्रुवारीत ‘अल्बम ऑफ द इयर’चं ग्रॅमीही एकाच नावावर गेलं.

नावात वजन होतं, हे उघड आहे. ‘स्टँकोनिया’ या आधीच्या अल्बमने आणि त्यातल्या ‘मिस जॅक्सन’ या गाण्याने ते कमावलं होतं, दोघांनी मिळून. आंद्रेची डिस्क एकट्याने आली असती, तर दुकानदाराने ती कुठल्या खणात लावली असती? तिच्यात रॅप शोधावं लागतं. आणि ‘हे या!’साठी पैसे टाकणाऱ्या किती जणांनी बिग बॉयची डिस्क मुद्दाम, वेगळे पैसे देऊन घेतली असती? माझ्या मते ती दोहोंतली अधिक भक्कम डिस्क आहे. यादीवरून ते कळायची सोय नाही. यादीला डबीचा कणा वाचता येतो. आत कोण गातंय, ते तिचं काम नव्हे.

याच अल्बममधून ‘रोझेस’ही सिंगल म्हणून निघालं. त्यात आंद्रे आहे आणि बिग बॉयही आहे. ते नवव्या नंबरापर्यंत गेलं.